बस्ता, भाव आणि घरचा हिशेब

दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नया बाजार माणसांनी फुलून जातो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी येथे स्थिरावली आणि छावणीभोवती वाढलेल्या वस्तीला लष्कर हेच नाव पडले. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या शहरात नांदत आहेत. कापडाच्या दुकानात ही मंडळी हिंदीतून मोलभाव करतात. घरी परतल्यावर खर्चाचा मेळ मात्र मराठीतून घातला जातो. तो मेळ बसणार की नाही, हे बहुधा दुकानाच्या गादीवरच ठरून गेलेले असते. बस्ता बांधताना हजार-दोन हजार रुपये अधिक गेले, तर ते कुठल्या तरी दुसऱ्या गरजेतून, मुलांच्या फीमधून किंवा आजाऱ्याच्या औषधातूनच काढावे लागतात. म्हणूनच खरेदीतील काटकसर हा चिक्कूपणाचा नव्हे, तर जबाबदारीचा विषय आहे.

घासाघीस हा या काटकसरीचा एक भाग झाला. परंतु तो सर्वांत मोठा भाग नव्हे. भाव कमी होणे आणि वस्तू स्वस्त पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडाचेच उदाहरण घ्यावे. समजा, एक कापड मीटरला १२० रुपये आहे आणि त्याचा पन्हा ९० सेंटिमीटर आहे. दुसरे १४० रुपये मीटर असून त्याचा पन्हा ११० सेंटिमीटर आहे. पहिले स्वस्त वाटते. पण चौरस मीटरचा हिशेब केला तर पहिले सुमारे १३३ रुपयांना आणि दुसरे सुमारे १२७ रुपयांना पडते. अर्थात, रुंद पन्ह्याचा शिंप्याला उपयोग होणार असेल तरच हा लाभ खरा. यासाठी दुकानात जाण्यापूर्वी शिंप्याला विचारणे आणि दुकानदाराला भावाआधी पन्हा विचारणे, ही चांगली सवय होय.

मापाचाही असाच घोटाळा होतो. भारतात दशमान वजनमापांचा अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तरी घरातील वडीलधारी माणसे अजून वाराने आणि गजाने बोलतात. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. 'तीन वार लागेल' असे घरी ठरले आणि दुकानात तीन मीटर फाडून घेतले, तर सुमारे २६ सेंटिमीटर कापड अधिक येते. दोनशे रुपये मीटरच्या कापडात हे पन्नास रुपये झाले. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून थोडे अधिक घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु ते जाणून घ्यावे, चुकून नव्हे.

सवलतीच्या पाट्या वाचताना तर कागद-पेन्सिल जवळ असलेली बरी. 'वीस टक्के, वर आणखी दहा टक्के' म्हणजे तीस टक्के नव्हे. हजार रुपयांचे प्रथम आठशे होतात, आणि दहा टक्के वजा होतात ते त्या आठशेतून. द्यावे लागतात ७२० रुपये, म्हणजे सूट २८ टक्क्यांची. 'दोनावर एक मोफत' ही सूट तिघांना कपडे हवे असतील तर उत्तम. ज्याला एकच सदरा हवा आहे, त्याचा खर्च मात्र तिने दुप्पट होतो.

तयार कपड्यांच्या बाबतीत कराचाही विचार करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के, तर त्याहून महाग नगावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. कर वेगळा लावला जात असेल, तर २६०० रुपयांचा नग कर धरून ३०६८ रुपयांना पडतो. तोच नग शंभर रुपये कमी करून २५०० ला मिळाला, तर २६२५ रुपयांत काम भागते. शंभराच्या घासाघिशीने ४४३ रुपये वाचले. मात्र ज्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, तीत सर्व कर धरलेले असतात; तिच्यावर आणखी कर मागता येत नाही. ती किंमत ही वरची मर्यादा आहे, तिच्याहून कमी भाव मागायला कोणतीच आडकाठी नाही.

किराणा घेताना मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो, हाही एक गैरसमज आहे. शांपूची लहान पुडी मोठ्या बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते. शंभर ग्रॅमला किंवा शंभर मिलिलिटरला काय पडले, एवढे पाहिले म्हणजे पुरे. मिठाई घेताना खोक्याचे वजन वेगळे काढायला सांगावे. ८०० रुपये किलोच्या मिठाईत ६० ग्रॅमचे खोके तोलले गेले, तर पुठ्ठ्यालाच ४८ रुपये मोजले असा त्याचा अर्थ होतो.

पावती घेण्याचा संकोच हा ग्राहकाचा सर्वांत महाग संकोच आहे. २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा होय. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत ग्राहकाचा हक्क हिरावू शकत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण पावतीच नसेल, तर न्याय्य तक्रारही लंगडी पडते.

शेवटी, एकट्याने जे साधत नाही ते चौघांनी मिळून साधते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून त्यांची महिन्याची मागणी एकत्र केली आणि माल घाऊक भावाने आणून वाटला. नया बाजारातही चार घरांनी मिळून चादरींचा किंवा अस्तराचा अख्खा तागा घेतला, तर भाव बोलण्याचे बळ वाढते. दुकानदाराचेही यात नुकसान नाही. एका सौद्यात त्याचा तागा संपतो.

दुकानदाराला हरवणे म्हणजे काटकसर नव्हे. त्यालाही संसार आहे. आपल्याला काय हवे, किती हवे आणि ते नेमके काय दराने पडते, हे ठाऊक असलेले गिऱ्हाईक सचोटीच्या दुकानदारालाही आवडते. घरून निघताना केलेली यादी आणि परतल्यावर तपासलेली पावती, या दोन कागदांच्या मध्ये जो पैसा वाचतो, तो कोणाचा हिसकावलेला नसतो; तो आपलाच, निष्काळजीपणातून सोडवून आणलेला असतो.