नवतपाचे ऊन आणि माणसाचा चेहरा

नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर वसलेले असल्यामुळे, दरवर्षी 26 मेच्या सुमारास, नवतपा हा कडक उन्हाचा नऊ दिवसांचा काळ सुरू होताच, दुपारी बारा वाजून गेल्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच लोपते. फिल्मवर व्यक्तिचित्र टिपणाऱ्या छायाचित्रकाराला याहून प्रतिकूल घटका वर्षात दुसरी नाही; कारण त्या उन्हात कपाळ पांढरे पडते, भुवयांखाली काळोख साचतो आणि ज्यांच्यासाठी चित्र काढावयाचे ते डोळेच हद्दपार होतात.

फिल्मचा कायदाही कडक. 400 आयएसओचे रीळ एकदा भरले की ते संपेपर्यंत तीच संवेदनशीलता मुक्रर होते. नागपूरच्या महाल भागातील एखाद्या वाड्याच्या अंगणात तिला एफ 16 छिद्र आणि 1/500 सेकंद पुरतो. तोच माणूस वाळ्याची ताटी लावलेल्या माजघरात जाऊन बसला की एफ 2.8 छिद्र आणि 1/30 सेकंदही अपुरा पडू लागतो. चार पावलांत प्रकाशाचे मान पाचशे पटींनी उतरते, आणि अदमास चुकल्याची वर्दी निगेटिव्ह धुतल्याखेरीज मिळत नाही.

या विद्येची कसोटी नागपूरजवळच, वर्ध्याच्या सेवाग्राम आश्रमात, छायाचित्रकार कनू गांधींनी दिली. गांधीजींनी त्यांना छायाचित्रे घेण्याची मुभा दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरावयाचा नाही, कोणाला मुद्दाम बसवावयाचे नाही, आणि खर्च आश्रमाकडे मागावयाचा नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा व फिल्मची तजवीज झाली, आणि 1948 पर्यंतचे सुमारे एक दशक त्यांनी टिपले. मातीच्या भिंतींच्या, कौलारू छपराच्या कुटीत उजेड मुळातच बेताचा. त्यात पांढरी खादी आणि सावळी कांती एकाच चौकटीत. प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे मानून चालतो, म्हणून खादीवर मापलेला प्रकाश चेहऱ्याला काळवंडवतो. माप घ्यावे ते गालाजवळच. मला या चित्रांचे मोल त्या अटींतच दिसते, कारण बसवता येत नसलेल्या माणसापुढे उजेडाची आणि क्षणाची गाठ पडेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

आजही आमच्या जुन्या घरांची छपरी याच कामाला सर्वोत्तम. माणसाला कडेपासून दोन हात आत बसवावे, तोंड अंगणाकडे. चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड सुरकुती न् सुरकुती वाचता येईल असा, तरी मृदू उतरतो आणि बुबुळात एक शुभ्र ठिपका उमटतो. भिंत पोपटी रंगाची असेल तर मात्र रंगीत फिल्मवर गालही पोपटी होतात. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 45 अंशांवरच राहतो, म्हणून तेव्हा उघड्यावरही चेहरा साधतो.

उन्हाळ्याचा खरा जाच पुढे डार्करूममध्ये भेटतो. डेव्हलपरला सामान्यतः 20 अंश सेल्सियसचे पाणी लागते, आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला सोसत नाही. केवळ डेव्हलपर बर्फात ठेवून भागत नाही. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच्या मानाच्या जवळपास हवे, नाहीतर जिलेटिन एकाएकी आक्रसून निगेटिव्हवर बारीक जाळी पडते. म्हणून फिल्म धुण्याच्या आदल्या रात्रीच माठ भरून ठेवावेत, आणि उरलेली कसर बर्फाने काढावी.