वर्गणीची फेरी

गिरगावातील उत्सवमंडळांचा पूर्वेतिहास मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवास प्रारंभ झाला, १९०१ साली लोकमान्य टिळक तेथे येऊन गेले, आणि लहानशी मूर्ती पालखीतून मिरवीत नेण्याचा त्या चाळीचा प्रघात पुढील पिढ्यांनीही मोडला नाही. संपादकांनी मला पाठविले ते मात्र शेजारच्याच एका अप्रसिद्ध चाळीत, तेथील मंडळाचे वर्ष कसे चालते ते पाहण्यासाठी.

चैत्रात पाडव्याची शोभायात्रा, जूनमध्ये मुलांना वह्यावाटप, श्रावणात गोकुळाष्टमीची हंडी, भाद्रपदात गणपती, आश्विनात भोंडला व कोजागिरीचे आटवलेले दूध, पौषात हळदीकुंकू, माघात सत्यनारायण आणि फाल्गुनात चौकातील होळी, असा हा क्रम आहे आणि तो बहुतेक चाळींत सारखाच आढळतो. परंतु हे सारे ज्या आधारावर उभे राहते, तो आधार खजिनदारांच्या काखेतील पावतीपुस्तकात आहे, आणि त्याच्यापाशीच मी अधिक काळ रेंगाळलो.

खजिनदार हे एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कीर्द-खतावणी त्यांच्या बोटांत मुरलेली. पावतीस अनुक्रमांक हवा, स्थळप्रत हवी, चुकलेली पावती फाडून न टाकता रद्द असा शेरा मारून पुस्तकातच ठेवावयास हवी, आणि दहा रुपये देणाऱ्यालाही हजार देणाऱ्याइतकीच रीतसर पावती मिळावयास हवी, हे त्यांचे नियम. नोंदणी नसलेल्या मंडळास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये वर्गणीपूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि मागाहून हिशेबही द्यावा लागतो. परंतु या गृहस्थांची शिस्त कायद्याच्या धाकाने आलेली नाही. चाळीतील प्रत्येक रुपया कोणाच्या तरी पगारातून निघालेला आहे, ही जाणीव त्यांच्या हिशेबात सतत जागी असते.

त्यांच्या फेरीची रीत मला विशेष वाटली. वरच्या मजल्यावरील शेवटच्या खोलीपासून आरंभ करून ते खाली येतात, आणि पहिल्या फेरीत कोणाकडूनही पैसे घेत नाहीत. “यंदा कसं काय, वहिनी?” एवढेच विचारतात, दिलेला चहा घेतात आणि पुढच्या दाराशी जातात. कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाची नोकरी सुटली, कोणत्या खोलीत म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले आहे, हे त्या फेरीत कळते. मग दुसऱ्या फेरीत कोणाकडे रक्कम मागावयाची आणि कोणाच्या दारी नुसती पत्रिका द्यावयाची, हे त्यांच्या मनात ठरलेले असते. घरधनी गेल्यावर पुढील वर्षीची पावती ते त्याच्या पत्नीच्या नावे फाडतात, मुलाच्या नावे नव्हे. कमिटीच्या बैठकीत वह्या कोणाला द्यावयाच्या, याविषयी वाद होत नाही, याचे कारण ही माहिती आधीच कोणाचीही अप्रतिष्ठा न होता गोळा झालेली असते. जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यात न बसणारी ही माहिती आहे, आणि मंडळाचे खरे भांडवल मी हीच समजतो.

परंतु हे भांडवल आता वेगाने ओसरत आहे. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की भाडेकरू विरार, डोंबिवली, कल्याण असे पांगतात. गणपतीच्या दिवसांत गाडी पकडून ते येतात खरे, परंतु ज्या दाराशी उभे राहून विचारपूस करावयाची ते दारच उरत नाही. नवीन मनोऱ्यात परतलेल्यांच्या मजल्यावर उद्वाहनाने जावे लागते, खाली पहारेकरी नाव विचारतो आणि वर दार साखळी लावूनच उघडले जाते. वर्गणी भ्रमणध्वनीवरून क्षणात जमा होते, पावतीही तशीच पोहोचते. हिशेब पूर्वीपेक्षा चोख राहतो, पण आजारी माणसाची बातमी त्यातून येत नाही. शिवाय व्यापारी किंवा राजकीय पुरस्कर्त्याचा एकच धनादेश साऱ्या वर्गणीहून मोठा असला, म्हणजे जिने चढावयाचे कशासाठी, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण कमानीवर पुरस्कर्त्याचे छायाचित्र झळकू लागले की उत्सवात रहिवाशाचा वाटा प्रेक्षकाएवढाच राहतो.

खजिनदारांच्या गुडघ्यांना आता चार मजले सोसत नाहीत, आणि फेरीस सोबत येणारा तरुण त्यांना अद्याप मिळालेला नाही. आपल्या इमारतीत असे पुस्तक घेऊन कोणी दाराशी आले, तर वाचकहो, पैसे देऊन दार लगेच लावून घेऊ नका. त्यांना आत बसवा, आणि घरातील एका मुलाला पुढच्या मजल्यापर्यंत त्यांच्याबरोबर धाडा.