जिममधले 20 किमी आणि रस्त्यावरचे 20 किमी सारखेच असतात का?

अक्कलकोट ते सोलापूर अंतर साधारण 40 किमी. स्पिनिंग क्लासच्या स्क्रीनवर तासाभरात 30 किमी दिसले की वाटतं, सोलापूर काय, सायकलवर सहज गाठू! पण त्या आकड्यावर विसंबून असा बेत आखू नका. दोन्हीकडे किमी मोजण्याची पद्धतच वेगळी आहे.

स्पिन बाईक कसं मोजते?
तिच्यात एक जड चाक असतं. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक फेरी मोजली जाते. सॉफ्टवेअर त्या फेऱ्यांना एका ठरलेल्या आकड्याने गुणतं. हा आकडा कोडमध्ये आमच्यासारखाच कुणी इंजिनिअर लिहितो. बऱ्याच साध्या मशीन या हिशोबात रेझिस्टन्स धरतच नाहीत. म्हणजे नॉब सैल ठेवून पाय भरभर फिरवले, तरी किमी वाढतात.

रस्त्यावर काय होतं?
फोनचा जीपीएस किमान 4 उपग्रहांच्या सिग्नलवरून तुमची जागा ठरवतो आणि असे बिंदू जोडून अंतर काढतो. हे अंतर खरं असतं, पण त्यात वाऱ्याचा हिशोब नसतो. समजा, तुमचा वेग ताशी 20 किमी आहे आणि समोरून ताशी 10 किमीचा वारा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो थेट सव्वादोन पट होतो. किमी तेवढेच, दम मात्र जास्त!

मग तुलना कशाची करायची?
मिनिटं आणि हृदयाचे ठोके यांची. मशीन वॅट दाखवत असेल तर तेही बघा. कॅलरीचा आकडा मात्र अंदाजच समजा. मशीनला तुमचं वजन माहीत नसेल तर जास्तच. घड्याळात किंवा अ‍ॅपमध्ये 'इनडोअर सायकलिंग' आणि 'आउटडोअर सायकलिंग' यांपैकी योग्य पर्याय निवडा. छताखाली जीपीएसचा भरवसा नसतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. रस्त्यावर उतार लागला की पेडल थांबवता येतं. बऱ्याच स्पिन बाईकवर चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतंच. पाय काढण्याआधी ब्रेकचा नॉब दाबा.

क्लासमुळे दम आणि पाय नक्की तयार होतात. ट्रॅफिक, खड्डे आणि सोलापूरच्या उन्हाची सवय मात्र रस्त्यावरच होते. म्हणून आधी पहाटे 5 किमी जाऊन परत या. ठोके आणि वेळ तपासा, मगच अंतर वाढवा. पाणी सोबत आणि हेल्मेट डोक्यावर हवंच.