पियानोच्या मास्तरणीची सनद

नागरवाड्यात दिवेलागणीची वेळ झाली, की कुठे आरतीची घंटा, कुठे कुकरची शिट्टी आणि कुठे दुचाकीचा भोंगा, असा रोजचा वाद्यवृंद सुरू होतो. आमच्या माडीसमोर त्यात गेली काही वर्षे आणखी एका वाद्याची भर पडली आहे. समोरच्या घरातली मुलगी पियानो वाजवते. तिचा हात तयार आहे, आणि तिचे वाजवणे ऐकत संध्याकाळचा चहा पिण्याची आम्हाला सवय लागली आहे. पण गेल्या महिन्यापासून सूर अडखळू लागले. तेच चार स्वर, मध्येच शांतता, पुन्हा तेच चार स्वर. पोरीचे काही बिनसले की काय, म्हणून न राहवून विचारले, तर ती हसून म्हणाली, "काका, वाजवतोय तो माझा विद्यार्थी. मी शिकवायची परीक्षा देतेय."

तिचे वडील भजनी मंडळात पेटीची साथ करतात. त्यांना हे फारसे पटलेले नाही. "आमच्या मास्तरांना कोणी सनद विचारली होती?" असा त्यांचा सवाल. आणि तो अगदीच खोटा नाही. आपल्या देशात घरी बसून पियानो शिकवायला सरकारी परवाना लागत नाही; दारावर पाटी लावली, की मास्तर झाला! मग अवघड परीक्षा, जड फी, रात्रीची जागरणे हा खटाटोप कशासाठी?

हा सवाल बडोद्यात विचारला जावा, याची मात्र आम्हाला गंमत वाटते. कारण गवयाच्या घरातली विद्या शाळेच्या वर्गात आणण्याचा उद्योग हिंदुस्थानात जिथे फार लवकर झाला, त्या शहरांत आपले बडोदे आहे.

मौलाबक्ष खाँसाहेबांविषयी एक गोष्ट सांगतात. घसीट खाँ हे मोठे गवई. पण विद्या बाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा बाणा. तरुण मौलाबक्षांनी म्हणे त्यांच्या दरवानाशी दोस्ती जोडली आणि रात्रीचा रियाज देवडीवर बसून ऐकत ऐकत ती गायकी गळ्यात उतरवली. उस्तादांना ते कळले, तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी त्यांना शिष्य म्हणून पदरात घेतले. ज्याला विद्या अशी चोरून मिळवावी लागली, त्याच माणसाने श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. तिथे ठराविक तास होते, क्रमिक पुस्तके होती आणि खाँसाहेबांनी स्वतः बसवलेली स्वरलिपी होती. देवडीवर बसण्याची गरज उरली नाही. सुरसागराकाठची आजची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा ही त्याच रोपट्याचा विस्तार.

खाँसाहेबांचे चिरंजीव अल्लाउद्दीन यांना महाराजांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला पाठवले. मुलीचे चिरंजीव इनायत खाँ तरुणपणी याच शाळेत शिकवीत, आणि पेटी शिकवण्याचे पुस्तकही त्यांनी लिहिले. पुढे सूफी विचार घेऊन ते पश्चिमेकडे गेले. म्हणजे पेटीवाल्या वडिलांनाही आठवण द्यायला हरकत नाही, की पेटी 'शिकवायची' कशी, याचा विचार याच शहरात शंभर वर्षांपूर्वी छापून निघाला होता.

तिकडे लाहोरला विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला: शाळा काढल्या, पण मास्तर कुठून आणायचे? म्हणून त्यांनी 'उपदेशक' वर्ग काढला. मुले आश्रमासारखी तिथे राहत, शिकत आणि शिकवायलाही शिकत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, देवधर मास्तर ही त्या परंपरेची फळे. बुवांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि 'प्रारंभिक'पासून 'विशारद', 'अलंकार'पर्यंतच्या त्याच्या परीक्षा आज मराठी घरांना पाठ आहेत.

पियानोची वाट मात्र विलायतेवरून येते. ट्रिनिटी कॉलेज १८७२ चे, रॉयल स्कूल्सचे संयुक्त परीक्षा मंडळ १८८९ चे. दोघांच्याही आठ इयत्ता, ज्यांना मुले 'ग्रेड' म्हणतात. आठवी झाली, की पुढे पदविका. आणि तिथे वाट फुटते. एक वाजवणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. शिकवणाऱ्याच्या वाटेवर आपले वाजवणे पुरत नाही. आपल्या शिकवण्याचा नमुना परीक्षकापुढे ठेवावा लागतो, आणि असे का शिकवलेस, याची उत्तरे द्यावी लागतात.

समोरची मुलगी तिथेच अडली. तिचा विद्यार्थी नऊ वर्षांचा, पेटीवरून पियानोवर आलेला. आता पट्ट्या दोन्हीकडे सारख्याच काळ्यापांढऱ्या. मग अवघड ते काय? अवघड आहे डावा हात! पेटीवर त्या बिचाऱ्याने भाता ओढण्यापलीकडे काही केलेले नाही. शिवाय पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, बोट कसेही पडो. पियानोवर सारा कारभार बोटाच्या पडण्याचा. हळू पडले तर हळू, जोराने पडले तर जोराने. त्यात षड्जाचा घोळ. पेटीवर आज काळी एक, उद्या काळी चार. गळा म्हणेल तिथे सा. पाच रेघांच्या विलायती लिपीत प्रत्येक टिंबाची पट्टी कायमची ठरलेली. पोरगा मनात सरगम म्हणतो आणि बोटे भलतीकडे पडतात.

पहिले काही दिवस ती त्याचे बोट धरून पट्टीवर ठेवत असे. चुकला, की बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवी. मुलगा ऐकून खूष, पण त्याचा हात होता तिथेच. हे तिच्या ध्यानात आले ते परीक्षेच्या तयारीसाठी स्वतःच्या शिकवण्याचे चित्रण करून पाहिले तेव्हा. "काका, अर्ध्या तासात वीस मिनिटे मीच वाजवतेय," ती सांगत होती, आणि चेहरा असा, जणू चोरी सापडली.

सनदेविरुद्ध बोलणारे म्हणतात, कागदाने कोणी गवई होत नाही. खरे आहे. पण मास्तराला चुका कळाव्यात कशा? गवयाची चूक मैफलीत लोक ऐकतात; मास्तराची चूक मुलाच्या हातात जाऊन बसते, आणि पालक म्हणतात, पोराला गळाच नाही, कानच नाही. शिकवताना आपल्याकडे कोणी पाहत आहे, हा प्रसंग बहुतेक मास्तरांवर आयुष्यात एकदाही येत नाही. आमच्या लहानपणीच्या पेटीमास्तरांवर तो आला असता, तर आमची बोटे आज एवढी आखडलेली नसती, असा आमचा (कदाचित सोयीचा) समज आहे.

फीविषयी मात्र वडिलांची तक्रार आम्हाला मान्य. साध्या नोकरदार घराला ती जड जाते.

परीक्षा अजून व्हायची आहे. काल संध्याकाळी आम्ही कान देऊन ऐकत होतो. पंधरा मिनिटे पियानोचा स्वरच नाही. मुलगा नुसता गात होता, आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरीत होता, तो आवाज एवढ्या अंतरावरूनही येत होता. मग एकट्या डाव्या हाताचे चार स्वर आले, जरा जड, पण न थांबता. पाचव्यावर तो चुकला. तिने वाजवून दाखवले नाही. पलीकडच्या खोलीतून वडिलांनी मात्र हलकेच पाचवा स्वर पेटीवर धरला, आणि लगेच दार लावल्याचा आवाज झाला.