विश्लेषण : प्राथमिक शाळेला ‘निवासी कलाकार’ कशासाठी हवा? परभणीत तो कुठे सापडेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले. मातृभाषेतून शिक्षण, त्रिभाषा सूत्र, चार वर्षांची पदवी यांवर भरपूर चर्चा झाली, वादही झाले. धोरणाच्या २२व्या प्रकरणातील एका वाक्याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने, इतकेच नव्हे तर प्रत्येक शाळेने किंवा शाळा समूहाने आपल्याकडे ‘निवासी कलाकार’ ठेवण्याचे उद्दिष्ट बाळगावे, असे ते वाक्य सांगते. पालम किंवा जिंतूर तालुक्यातील एखाद्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हे वाचून दाखवले तर शिक्षकांना हसू येईल. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, दोन खोल्यांत चार वर्ग आणि वर निवासी कलाकार! तरीही ही कल्पना हसून सोडून देण्यासारखी नाही, आणि परभणीत तर नाहीच.

निवासी कलाकार म्हणजे नेमके काय?

‘निवासी’ या शब्दाने गोंधळ होतो. कलाकाराने शाळेत मुक्काम ठोकावा, असा त्याचा अर्थ नाही. चित्रकार, गायक, कुंभार, कथेकरी किंवा नट ठरावीक काळ, म्हणजे काही आठवडे किंवा एखादे सत्र, नियमितपणे शाळेत येतो आणि आपले काम तिथे बसून करतो. मुले ते पाहतात, हात लावतात, प्रश्न विचारतात, हळूहळू स्वतः करू लागतात. स्नेहसंमेलनासाठी आठ दिवस नाच बसवून देणारा किंवा शाळेच्या भिंतीवर फळे-फुले रंगवून जाणारा माणूस निवासी कलाकार नव्हे. कलाकाराचे काम सुरू असताना, चुकताना, पुसून पुन्हा करताना मुलांना दिसले पाहिजे. तयार चित्र भिंतीवर लागते तेव्हा मुलाला वाटते, हे आपल्याला जमणार नाही. तेच चित्र चौथ्या प्रयत्नात जमताना पाहिले की त्याला धीर येतो.

प्राथमिक शाळेतच गरज का?

याचे उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, तीही पटसंख्या शंभरच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असा हिशेब आहे. त्यात कलाशिक्षकाचा उल्लेख नाही. धोरणात सुचवलेले दहा दिवसांचे ‘दप्तराविना’ सत्र, ज्यात मुले सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकतात, तेही सहावी ते आठवीसाठीच. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांचे अतिरिक्त गुण मिळतात. सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक येते, पण ते घेऊन शिकवायला वेगळा माणूस येत नाही. राज्याने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, ही चांगली गोष्ट. पण शनिवार आनंददायी करण्याचे कामही शेवटी त्याच दोन शिक्षकांवर आले.

हे कुठे झाले आहे का?

सर्वांत ठळक उदाहरण स्कॉटलंडचे आहे. फोर्ट विल्यम गावाजवळच्या केओल प्राथमिक शाळेत १९९४ मध्ये रॉब फेअर्ली नावाचा कलाकार काही काळापुरता आला. काम संपल्यावरही तो जाऊ नये, असे मुलांना वाटले. मग मुलांनीच पैसे उभे करायला सुरुवात केली. शाळेतील १३ क्रमांकाच्या खोलीत स्टुडिओ झाला आणि ‘रूम १३’ हेच त्याचे नाव पडले. तिथला व्यवहार मुलांची समिती पाहते. रंग-कागदाची खरेदी, हिशेब, कलाकाराचे मानधन या साऱ्यात मुलांचा शब्द चालतो. वर्गातले काम पूर्ण केले की मूल या खोलीत येऊ शकते. कलाकार तिथे स्वतःचे काम करत असतो आणि मुलांच्या कामाकडे कलाकृती म्हणूनच पाहतो. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांत तर कलाकार हा शाळेचा नेहमीचा भाग आहे.

आपल्याकडेही हे नवे नाही. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यासारखे चित्रकार आणि शाळेची मुले एकाच आवारात वावरत. कर्नाटकात ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’चा ‘कलि-कलिसु’ उपक्रम सरकारी शाळांत काम करणाऱ्या कलाकारांना आणि शिक्षकांना अनुदान देतो. महाराष्ट्रात जवळचे उदाहरण पालघर जिल्ह्यातले आहे. वाडा तालुक्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेचा ‘गोष्टरंग’ उपक्रम चालतो. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. तरुण रंगकर्मी तिथे मुक्कामाला राहून बालसाहित्यातील गोष्टी बसवतात आणि आश्रमशाळांतील मुलांसमोर सादर करतात. प्रयोगानंतर पुस्तक मुलांच्या हाती येते. नाटक पाहिलेले मूल ती गोष्ट पुस्तकात शोधू लागते. वाचनाची गोडी लावायला याहून सोपा रस्ता क्वचितच असेल.

मग परभणीत कोण आहे?

इथे कलाकार मुंबई-पुण्याहून आणण्याची गरज नाही. परभणी म्हटले की गोंधळ आठवतो, आणि गोंधळ म्हटले की राजारामभाऊ कदम. संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी एवढ्या सामग्रीवर रात्रभर आख्यान रंगवणारी ही कला शाळेच्या दृष्टीने विलक्षण उपयोगी आहे. गोंधळाच्या सुरुवातीला गावोगावच्या देवतांना नाव घेऊन बोलावले जाते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर असा सारा नकाशाच गाण्यातून उलगडतो. उत्तररंगात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येच वेडेवाकडे प्रश्न विचारून ती पुढे ढकलतो. हा साथीदार म्हणजे वर्गातले ते मूल, जे नेहमी ‘गप्प बस’ ऐकते. त्याला इथे प्रश्न विचारण्याचीच भूमिका मिळते.

दुसरा साठा बायकांकडे आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, आणि जात्यावरची ओवी या भागात आजही जुन्या बायकांच्या ओठांवर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी राज्यभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. आठवड्यातून एक दिवस एखादी आजी शाळेत आली आणि मुलांनी तिच्याकडून ओवी ऐकून वहीत उतरवली, तर त्या तासाला भाषेचा तास म्हणायचे की कलेचा? शिक्षकांनी त्यावर डोके शिणवू नये.

भिंती रंगवणारे, गणपतीच्या मूर्ती घडवणारे, भीमगीते गाणारे, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे असे लोक जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहेत. परभणीतल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाची परंपराही मोठी आहे. यादी करायला बसले तर कमी पडणार नाही.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पैशाची. महाराष्ट्रात अंशकालीन निदेशकांचा मानधन आणि नियुक्तीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तेच पुन्हा व्हायचे नसेल तर काम किती दिवसांचे, मानधन किती आणि ते कोण देणार हे आधी कागदावर हवे. ‘गावचीच माणसे आहेत, चहा-नारळावर येतील’ हा विचार सोडून द्यावा. गोंधळी रात्रभराच्या कार्यक्रमाची बिदागी घेतो. शाळेत त्याला फुकट बोलावले तर मुलांपुढे त्याच्या कामाची किंमत शून्य ठरते.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. गोंधळी समाज भटक्या जमातींत मोडतो. या कलांना जात चिकटलेली आहे आणि तिच्यासोबत अवहेलनाही. त्या समाजाचे मूल शाळेत असेल तर ‘तुझ्या बापाला वाजवता येते, तूही वाजव’ असे होऊ शकते. मुलाला कला मिळण्याऐवजी शिक्का मिळेल. उलटही घडू शकते. ज्याला दारोदार फिरताना मुलांनी पाहिले, त्याला मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, ‘गुरुजी’ म्हटले आणि पाटलाच्या पोराने त्याच्याकडून संबळाचा ठेका घोटला, तर त्या मुलाची वर्गातली जागा बदलते. कोणते घडेल, हे शाळा कलाकाराला कसे वागवते त्यावर ठरेल. म्हणून संबळ सर्वांच्या हातात गेला पाहिजे, मुलींच्याही.

गोंधळ हा कुलाचार आहे, हेही विसरता येत नाही. सरकारी शाळेत सर्व धर्मांची मुले असतात. तिथे पूजेचा भाग न आणता कथन, ताल आणि अभिनय शिकवता येतो. जाणता कलाकार हा फरक आपल्यापेक्षा चांगला ओळखतो.

मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा वेगळा आहे. बदलापूरच्या २०२४ मधील घटनेनंतर शाळेत येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्यपडताळणीचा आग्रह वाढला आहे. कलाकारालाही तोच नियम हवा आणि तासाला वर्गशिक्षक हजर हवा. यात कलाकाराचा अपमान नाही.

सुरुवात कशी होऊ शकते?

शोध घ्यायला नवी समिती नको. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेचे अर्ज पंचायत समितीमार्फत जातात. म्हणजे तालुक्यातील वयस्क कलाकारांची नावे सरकारी दप्तरात आधीच आहेत, आणि प्राथमिक शाळाही जिल्हा परिषदेच्याच आहेत. एकाच इमारतीतील दोन टेबलांनी एकमेकांशी बोलायचे आहे.

धोरणात ‘शाळा समूह’ हा शब्द आहे. आपल्याकडे केंद्रशाळेची रचना तयार आहे. मात्र एका केंद्रातील दहा शाळांत एकच कलाकार रोज नवी शाळा करत फिरला, तर तो पुन्हा पाहुणाच ठरेल. एका सत्रात एकच शाळा, आठवड्याला एक ठरलेला दिवस, निदान बारा आठवडे, असे केले तर मुले त्याची वाट पाहू लागतील. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, लोकवर्गणी किंवा ग्रामपंचायतीचा निधी यांतून एवढ्या दिवसांचे मानधन उभे राहू शकते. शेवटी मोठा कार्यक्रम झालाच पाहिजे, असा हट्ट मात्र नको. कार्यक्रम ठरला की तालीम सुरू होते, चांगले गाणारी चार मुले पुढे येतात आणि बाकीची टाळ्या वाजवायला उरतात.

वेळ कोणती निवडावी, हे परभणीत फार महत्त्वाचे. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबे जातात आणि अनेक मुलांची शाळा मार्च-एप्रिलपर्यंत तुटते. जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या हंगामात कलाकार आणला तर ज्यांना शाळेची ओढ लागायला हवी तीच मुले फडावर असतील. गोंधळ्याचे वेळापत्रकही योगायोगाने याच्याशी जुळते. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे लग्नानंतरचे गोंधळही नसतात. नवरात्र आले की त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून घटस्थापनेपर्यंत पोरेही गावात असतात आणि संबळही घरात खुंटीला टांगलेला असतो.