वनातून गेलेले, बागेत राहिलेले

औषधी योग कितीही शास्त्रोक्त असला, तरी त्यातील मूळ द्रव्य अस्सल नसल्यास तो निष्फळ ठरतो, हे वैद्यबंधूंना व औषधी विक्रेत्यांना नव्याने सांगावयास नको. द्रव्यांचे अस्सल वाण टिकविण्याच्या कामी ऐतिहासिक वास्तूभोवतीची बाग किती उपयोगी पडते, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बार्ट्रम उद्यानाकडे आम्ही पाहतो.

जॉन बार्ट्रम यांनी १७२८ साली शूलकिल नदीकाठी जमीन घेतली आणि तेथील घराभोवती वनस्पतींचा संग्रह उभारला. १७६५ मध्ये जॉर्जियातील अल्टमाहा नदीकाठी त्यांना व पुत्र विल्यम यांना एक अपरिचित वृक्ष दिसला. विल्यम यांनी पुढे त्याचे बीज आणून बागेत रुजविले. तोच ‘फ्रँक्लिनिया’ होय. १८०३ नंतर तो वनात खात्रीने कोणासही आढळलेला नाही. आज जगात असलेले त्याचे वृक्ष याच बीजाचे वंशज मानले जातात.

बार्ट्रम घराण्याकडून १८५० साली ही बाग दुसऱ्याकडे गेली. १८९१ मध्ये ती नगरपालिकेच्या ताब्यात आली आणि १८९३ पासून जॉन बार्ट्रम असोसिएशन तिच्यासाठी कार्य करीत आहे. लागवड, निंदणी इत्यादी कामांत स्वयंसेवकांचे श्रमदानही असते.

या उदाहरणातून दोन बोध होतात. पहिला असा की, वनात नष्ट झालेली वनस्पती बागेमुळे वाचू शकते. दुसरा बोध सावधगिरीचा आहे. मोजक्या बीजांपासून वाढलेल्या वंशात विविधता अल्प असते आणि असा वंश रोगास सहज बळी पडू शकतो. म्हणून बीजसंग्रह अनेक ठिकाणच्या, अनेक झाडांपासून करावयास हवा. बाग हा वनाचा आधार आहे, पर्याय नव्हे.

आपल्याकडे अशोकाची स्थिती विचार करण्याजोगी आहे. खरा अशोक (सराका असोका) संकटग्रस्त मानला गेला आहे आणि बाजारात त्याच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल येते. साल काढताना झाड घायाळ होते, म्हणून मागणी वाढेल तसा वनावरील भार वाढतो. गुग्गुळाची गत याहून बिकट आहे.

यास्तव आमची सूचना अशी : जुने वाडे, देवस्थानांचे आवार व आयुर्वेद महाविद्यालयांची उद्याने येथे स्थानिक वैद्यांनी श्रमदानाने औषधी बागा जोपासाव्यात. प्रत्येक झाडाशेजारी नाव, बीज कोठून आणले ते गाव व लागवडीचे वर्ष यांची पाटी असावी आणि त्याच नोंदी वहीतही ठेवाव्यात. वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पडताळून घ्यावी. औषधी विक्रेत्यांना आलेल्या मालाची पारख करण्यासाठी तेथे अस्सल नमुना मिळेल, विद्यार्थ्यांना द्रव्यपरिचय होईल. चूर्ण झालेले द्रव्य ओळखणे कठीण असते. उभे झाड ओळखणारी दृष्टी प्रथम घडवावी लागते. ती दृष्टी पुढील पिढीस देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.