जबडा अडकतो, सांध्यामुळे की खर्र्यामुळे?

तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दोष जबड्याच्या सांध्यातच असतो असे नाही. लकडगंजच्या लाकूड बाजारापासून नागपुरातल्या कोणत्याही चौकापर्यंत पानठेल्यावर घोटला जाणारा खर्राही त्याला कारणीभूत ठरतो.

कानासमोरच्या सांध्यात बिघाड असल्यास चावताना दुखते, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. झोपेत दात खाणे, मानसिक ताण, मार लागणे ही त्याची काही कारणे. मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी यांनी बहुतेकांना आराम पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

खर्र्यातल्या सुपारीने मात्र गालाचे आतले अस्तर पांढरट, ताठर होते. तिखट झोंबते, तोंड हळूहळू आवळत जाते. सांधा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही. त्यामुळे खर्रा सोडणे हाच पहिला उपचार.

प्रौढांचे तोंड साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटे एकावर एक मावतील इतके उघडते. बोटे मावत नसतील, तर शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे लगेच तपासणी करून घ्यावी.